खालचा सूर

माझी बहीण डेल्फा गाताना एक ओळ दोनदा सारखी म्हणायची नाही. आज ज्या शब्दावर थांबली, उद्या त्यावरून उडी मारून पुढे जाईल. वरचा सूर तिचा, खालचा माझा. त्यामुळे गाताना माझी नजर तिच्या ओठांवरून हलायची नाही. ते उघडले की मी तोंड उघडायचे, मिटले की मिटायचे. बघून गायचं म्हणजे थोडा उशीर होणारच. पापणी लवायला लागतो तेवढा. ऐकणाऱ्यांना ते कळायचं नाही, त्यांना नुसतं गोड लागायचं.

डेल्फा साइझमोर हे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. मासिकांत तिच्यावर लिहून येतं: केंटकीच्या डोंगरातली गरीब पोर, कोठारात वाढली, अनवाणी शाळेत गेली आणि एकटीच्या बळावर गाण्याबजावण्याचं मोठं शहर नॅशव्हिल जिंकलं. त्यातलं कोठार खरं आहे. अनवाणी पायही खरे आहेत. 'एकटीच्या' या शब्दापाशी आले की मी मासिक मिटते आणि चुलीवर काय करपतंय ते बघते.

आमचा बाप खाणीत छताचा दगड कोसळून गेला, तेव्हा डेल्फा सहा वर्षांची होती आणि मी दहाची. राहतं घर कंपनीचं. खाणीत उतरणारा माणूस असेपर्यंत घर, माणूस गेला की घर खाली करायचं, असाच तिथला रिवाज होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. बापाला पुरून आलो आणि पंधरा दिवसांत टर्की फोर्कच्या खोऱ्यात मामाच्या मक्याच्या कोठारात राहायला गेलो. मका हवेशीर राहावा म्हणून त्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवलेल्या होत्या. आम्ही काही मका नव्हतो. आईने पिठाची खळ शिजवून आतून वर्तमानपत्रं चिकटवली. उंदीर यायचे, खळ खायचे, कागद तसाच ठेवून जायचे. डेल्फा त्या भिंतींवरच वाचायला शिकली. तिच्या उशाशी एक पान उलटं लागलं होतं, त्यामुळे शाळेत गेली तेव्हा तिला सुलट्यापेक्षा उलटं बरं वाचता यायचं. मास्तरीणबाईंना वाटलं पोरीत काहीतरी बिघाड आहे.

उन्हाळा सरताना घेवड्याच्या शेंगा यायच्या. त्या अख्ख्या दोऱ्यात ओवायच्या, माळा करून चुलीच्या वर टांगायच्या, आणि हिवाळाभर भिजवून डुकराच्या चरबीत शिजवायच्या. आईची सुई चालायची, आम्ही दोघी शेंगा पुरवायचो आणि गायचो. दोन सुरांत गाणं आईला पटायचं नाही. आमच्या चर्चमध्ये वाद्य नाही, गाण्याचं पुस्तकही नाही. ब्रदर हायरम एक ओळ भराभर म्हणून देणार, मग सगळ्यांनी तीच ओळ लांबवून, वळणं घेत एका सुरात गायची. खालचा-वरचा असं काही नाही. देवापुढे सगळे एकाच पट्टीत.

"हे दोन-दोन सूर कुठून शिकलात गं?" आई म्हणायची.

"मामाच्या रेडिओवर," डेल्फा म्हणायची.

"मग मामाकडेच गा."

असं म्हणायची खरी, पण आम्ही सुरू केलं की तिची सुई थांबायची. एकदा मला म्हणाली, "व्हर्ली, तू कधी वेळेवर येत नाहीस बघ. ही पुढे पळते आणि तू मागून दार लावत येतेस." मला वाटलं रागावली. मी म्हटलं, मग वेळेवर येऊ का? तर म्हणाली, "नको, असू दे. दार कुणीतरी लावायला हवंच."

मी अठराची आणि डेल्फा चौदाची असताना तालुक्याच्या रेडिओवर आम्हाला शनिवारी सकाळी पंधरा मिनिटं मिळाली. पेंडीच्या दुकानदाराची जाहिरात असायची. बिदागी म्हणून तो पिठाचं एक पोतं द्यायचा. तेव्हा पिठाची पोती छापील कापडाची असायची. दोघींना सारखे झगे शिवायचे तर एकाच छापाची चार पोती लागत, म्हणून आम्ही महिनाभर निळ्या फुलांच्या पोत्यासाठी त्याच्याशी हुज्जत घातली. तो म्हणायचा, "बायांनो, पीठ खायचं असतं." शेवटी कंटाळून दिलं त्याने. त्या झग्यांतला आमचा एक फोटो आहे. दोघीही भलत्याच सुखी दिसतो.

मग डेल्फाने ते गाणं रचलं. 'ओव गं आई, ओव शेंगा, हिवाळा आला दाराशी.' तेच गाणं. नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने गाडी चालवताना ते रेडिओवर ऐकलं, आणि आम्हा दोघींना पत्र आलं. दोघींना. पाकिटावर दोघींची नावं होती, अजून आहे ते माझ्याकडे.

बसने गेलो. मी चोवीसची, ती वीसची, अंगावर निळी फुलं. स्टुडिओत सगळं नवलाचं. एक फिडलवाला आधी एकदा वाजवायचा आणि मग स्वतःचीच टेप ऐकत तिच्यावर दुसऱ्यांदा वाजवायचा. मी डेल्फाला म्हटलं, "बघ, हा बाबा स्वतःच्याच गळ्यात पडतोय." ती इतकी हसली की कंपनीच्या टायवाल्या साहेबाने काचेमागून बोट दाखवलं. आम्ही गाणं सहा वेळा म्हटलं. सहाही वेळा तिने निराळं म्हटलं, आणि मी ओठांकडे बघत मागे मागे गेले. साहेब म्हणाले, छान झालं, धाकटीचं थोडं काम उरलंय, थोरलीने संध्याकाळच्या बसने गेलं तरी चालेल. आईला एकटीला टाकून आलो होतो, म्हणून मी निघाले. डेल्फा बसपर्यंत पोचवायला आली. तिने मला मिठी मारली, पण बोलली काहीच नाही. मला वाटलं थकली असेल.

सहा आठवड्यांनी रेकॉर्ड आली. शनिवारी दुपारी रेडिओवर लागणार म्हणून एस्टिल गोबलच्या दुकानात अख्खं खोरं जमलं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना! महिनाभर दुसरं काही बोललेच नव्हते. आई चर्चचा काळा झगा घालून आली आणि बिस्किटांच्या पिंपाशेजारी खुर्ची घेऊन बसली. निवेदकाने एकटीचंच नाव घेतलं, डेल्फा साइझमोर. मी म्हटलं, असेल, तिचं नाव ऐकायला बरं लागतं. मग गाणं सुरू झालं.

पहिल्या दोन ओळी तिच्या एकटीच्या. तिसरीला खालचा सूर आला. आवाज माझ्यासारखाच होता, जाडसर, नाकात थोडासा. पण तो बरोब्बर आला. डेल्फा जिथे थांबली तिथे तोही थांबला, तिने उडी मारली तिथे त्यानेही त्याच क्षणी मारली. त्याला कुणाच्या ओठांकडे बघायची गरज नव्हती. ती कुठे जाणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. मला स्वतःच्याच गळ्यात पडणारा तो फिडलवाला आठवला.

गाणं संपलं तशी दुकानात एकच आरडाओरड झाली. गोबलने माझ्या पाठीत धपाटा घातला. "व्हर्ली, पोरी! इतकी चिकटून तर तू जन्मात गायली नव्हतीस! नॅशव्हिलचं पाणी लागलं म्हणायचं!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा. तिचे डोळे भरले होते. "ती तूच ना गं, खालची?" तिने विचारलं.

मी होकाराची मान हलवली. बस, तेवढंच. तोंडातून एक शब्द काढला नाही. पण आमच्या खोऱ्यात मान हलवली म्हणजे शपथ घेतल्यासारखंच असतं. मला वाटलं, रेडिओची खरखर आहे, आई हरखली आहे, तिला कळलं नाही. न कळू दे. नवरा खाणीत गेला, घर गेलं, आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतले. एका शनिवारी तिला आपल्या दोन्ही पोरी रेडिओवर असू देत.

त्याच आठवड्यात तिची दाढ दुखायला लागली. दात काढायला म्हणून ती एकटीच तालुक्याला नऊ मैल चालत गेली आणि दात तसाच घेऊन परत आली. डॉक्टर जागेवर नव्हता म्हणाली.

त्यानंतर डेल्फा वर जात राहिली. शनिवारच्या मोठ्या कार्यक्रमात उभी राहिली, गावोगाव गात फिरायला तिच्या नावाची बस झाली, दोन नवरे आले आणि गेले. आईला तिने नळ असलेलं घर बांधून दिलं, रेफ्रिजरेटर दिला. पत्रात मला लिहायची, 'सिस, कशी आहेस?' मी लिहायचे, 'बरी आहे, आई बरी आहे, गाय व्यायली.' ते गाणं रेडिओवर लागलं की आई हातातलं काम टाकून मला हाक मारायची, "ये, ये, तुझी ओळ आली!" मग मला ओले हात पुसत येऊन तिच्याजवळ उभं राहावं लागे, ओळ संपेपर्यंत. मी कुणापुढे गायले नाही त्यानंतर. लग्नकार्यात लोक आग्रह करायचे, मी घसा बसलाय म्हणायचे. गायले असते तर कुणीतरी म्हटलं असतं, हिचा तर उशीर होतो.

डेल्फाने मुलाखतीत कधी म्हटलं नाही की खालचा सूर आपला आहे. उलट विचारलं की सांगायची, "तो माझ्या थोरल्या बहिणीचा." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चोराने चोरलेली वस्तू रस्त्यात दाखवत 'ही तुमचीच हं' म्हणत फिरावं, तसं वाटायचं.

सहा वर्षांनी ती जिल्ह्याच्या जत्रेत गायला आली. आई पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. तीन गाणी झाल्यावर डेल्फा माइकपाशी थांबली. "रेकॉर्डवरचा खालचा सूर जिचा आहे, ती माझी सिस इथे बसलीय," ती म्हणाली. "व्हर्ली, ये ना वर. आपण शेंगांचं म्हणू." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आईने माझा दंड धरला आणि ढकललं मला, अक्षरशः ढकललं. "जा! उठ! जा ना गं!" इतक्या जोराने तिने मला कधी मारलंही नव्हतं.

मी उठले, आणि गुरांच्या गोठ्यामागून चालत थेट घरी आले. लोक म्हणाले, थोरलीला ताठा फार, बहिणीचं बघवत नाही. म्हणू देत. डेल्फा त्यानंतर घरी यायची ती नाताळला, तासाभरासाठी. आम्ही हवापाण्याचं बोलायचो. आई आम्हा दोघींच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची. आठ-दहा नाताळ तरी तिने तसे काढले असतील, मग बघायचं सोडलं.

गेल्या मार्चमध्ये आई गेली. गाणं आलं त्याला तेवीस वर्षं झाली होती. डेल्फा सकाळी आली, बसने नाही, स्वतः गाडी चालवत. आई बैठकीच्या खोलीत शवपेटीत, तिच्याजवळ शेजारणी. स्वयंपाकघरात मी दफनानंतरच्या जेवणासाठी लाटलेल्या थरांत वाळवलेली सफरचंदं भरून करतात तो केक करत होते. डेल्फाने अंगठ्या काढून खिडकीत ठेवल्या आणि न विचारता पीठ लाटायला घेतलं. 

"सिस," ती म्हणाली, "एक सांगायचंय."

"पिठी लाव आधी. चिकटतंय."

"त्या रेकॉर्डवर तू नाहीस."

"माहितेय."

लाटणं थांबलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गोबलच्या दुकानातच कळलं."

"आणि तू तेवीस वर्षं गप्प?"

"मग काय खोऱ्यात दवंडी पिटू?" मी म्हटलं. "आईसाठी गप्प बसले. तिला वाटत होतं ती मीच आहे. वाटत होतं ना, वाटू दिलं."

डेल्फाने लाटणं बाजूला ठेवलं. मग ती हसली; ते हसू चांगलं नव्हतं. "आईला? अगं, आईने मला त्याच आठवड्यात फोन केला होता. तालुक्याच्या पोस्टातून. जन्मात पहिल्यांदा. फोनमध्ये इतकी ओरडत होती की माझ्या कानठळ्या बसल्या."

मला आईची ती न काढलेली दाढ आठवली. 

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'खालचा सूर वेळेवर येतोय. माझी व्हर्ली कधी वेळेवर येत नाही. दोन्ही तूच आहेस.' शिव्या घातल्या मला. मग म्हणाली, 'तिने माझ्यासाठी सगळ्यांसमोर मान हलवलीय. आता तिला खोटं पाडशील तर याद राख. विचारतील त्यांना सांग, तीच आहे. आणि एकदा तिला बोलाव, लोकांसमोर तुझ्या शेजारी उभी कर, आणि गा दोघी. म्हणजे मग ते खोटं उरणार नाही.'" डेल्फाने मनगटाने डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "मला धीर व्हायला सहा वर्षं लागली. जत्रेत बोलावलं, तर तू गोठ्यामागून निघून गेलीस."

माझ्या दंडावर आईची बोटं उमटल्यासारखी वाटली. ढकलत होती मला, जीव खाऊन ढकलत होती, आणि मी ताठ्यात निघून आले होते. ओळ लागली की मला हाक मारणारी ती बाई मला खूश करायला हाक मारत होती, आणि मी तिला खूश ठेवायला ओले हात पुसत येत होते. दोघी उभ्या राहून एका तिसरीचा आवाज ऐकत होतो. तेवीस वर्षं!

"तू भांडलीस का तेव्हा?" मी विचारलं. "त्या टायवाल्याशी? माझ्यासाठी? एकदा तरी?"

ती खोटं बोलली असती तरी मी त्या दिवशी मानलं असतं.

"नाही," डेल्फा म्हणाली. "तो म्हणाला, थोरली मागे पडते, तूच दोन्ही म्हण. नाव एकटीचं लावू. मला ते हवं होतं, सिस. तुला बसपर्यंत पोचवायला आले तेव्हा मला माहीत होतं. तुझा आवाज काढायला मला दोन तास लागले. डोळे मिटून तुला आठवत होते आणि तुलाच पुसत होते."

मी केक भट्टीत ठेवला.  तिला मारावंसं वाटलं, तिला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्ही हात सफरचंदांनी माखले होते.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेलं. बाहेर कॅमेरेवालेही आले होते, त्यांना ब्रदर हायरमच्या मुलांनी कुंपणाशीच थोपवलं. पेटी समोर, झाकण उघडं. ब्रदर हायरम आता ऐंशीचे, पण ओळ अजून तशीच भराभर देतात. 'डोळे पुसून उठ रे पांथा, पैलतीर दिसू लागला.' त्यांनी म्हटलं आणि सगळ्यांनी ओळ उचलली.

माझ्या शेजारी डेल्फाने पण उचलली. पहिल्याच शब्दावर तिचा आवाज चर्चभर घुमला आणि दुसऱ्यावर आपटला. चाल वर वळते तिथे ती खाली गेली. ती चाल कुठे लिहिलेली नाही. दर रविवारी बसलं तरच कानात राहते, आणि तिचे तेवीस वर्षांचे रविवार रस्त्यावर गेले होते. पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी वळून बघू लागल्या. डेल्फाने ओठ मिटून घेतले. मान खाली घालून उभी राहिली, हातात रुमाल चुरगाळत, कोठारातल्या त्या सहा वर्षांच्या पोरीसारखी.

ब्रदर हायरमनी दुसरी ओळ दिली. मी गायला लागले. इतक्या लोकांत माझा आवाज काय ऐकू जाणार, म्हणून मोकळ्या गळ्याने गायले. अर्ध्या ओळीत मला कानाशी काहीतरी जाणवलं. डेल्फा गात होती. हळू, अगदी हळू. मी तिरक्या नजरेने बघितलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने नजर काढली नाही. मी थांबले की थांबत होती, वळले की वळत होती, आणि तिचा सूर माझ्या मागे येत होता. पापणी लवायला लागतो तेवढा मागे.

आई चार हातांवर होती. ऐकलं असतं तर तिने सुई थांबवली असती.

तिसरी ओळ आली. मी श्वास घेतला, आणि डेल्फाला नीट दिसावं म्हणून तोंड तिच्याकडे वळवलं.